खर्जाची तार: बेस गिटार आली कुठून आणि करते काय

गणेशोत्सवात इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये जुन्या गाण्यांचे कार्यक्रम अजून हौसेने होतात. गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला हे ठरलेले. बेस गिटार, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, मात्र असेलच असे नाही. पैशांची जुळवाजुळव होईना की पहिली काट तिच्यावर येते, कारण ‘कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस धरेल’ असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. तो धरतोही. पण गाणे भरत नाही आणि काय राहिले ते श्रोत्याला सांगता येत नाही. या वाद्याची गंमत आणि त्याच्यावर होणारा अन्याय, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: ते असताना ऐकू आल्यासारखे वाटत नाही, नसताना जाणवते.

खर्जाची ओढ इंदूरला नवी नाही. होळकर दरबारात बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, बंदे अली खाँ होते. पखवाजाच्या पानसे घराण्याचे नानासाहेब पानसे याच दरबारात नावारूपाला आले. पुढे उस्ताद अमीर खाँ यांनी मंद्र सप्तकातला संथ विस्तार असा काही मांडला, की त्यांची गायकी इंदूर घराणे म्हणून ओळखली गेली. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी आणि बीन वाजवत. ज्या गावात खालच्या सुरांकडे इतके लक्ष दिले गेले, तिथे बेस गिटारला परके वाटायचे कारण नाही.

पानशांच्या पखवाजात तर या वाद्याची निम्मी गोष्ट आधीच सांगून झाली आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला बसण्याआधी कणकेचा ओला गोळा थापतात. कणीक लावली नाही तर आवाज कोरडा आणि वरचा येतो, लावली की ‘धा’ला घुमारा चढतो. चामडे तेच, ताण तोच, फक्त वजन वाढले. जड वस्तू सावकाश थरथरते आणि सावकाश थरथरणारी वस्तू खालचा सूर देते. तारेचेही तसेच आहे. सूर एक सप्तक खाली न्यायचा तर तीन वाटा: तार दुप्पट लांब करा, ताण चौथाईवर आणा, किंवा तेवढ्याच लांबीत तारेचे वजन चौपट करा. ताण फार उतरवला तर तार लोळते आणि सूर डगमगतो. लांबी फार वाढवली तर हात पुरत नाही. बेस गिटारचा सगळा इतिहास या तीन वाटांमधली तडजोड आहे.

युरोपातल्या डबल बेसने लांबीची वाट धरली. माणसाएवढे उंच, उभे धरून गजाने किंवा बोटांनी वाजवायचे वाद्य. त्याच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, तर साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची ८२, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॅझ वाद्यवृंदांनी हा डबल बेस उचलला आणि तिथेच त्याच्या अडचणी उघड्या पडल्या. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम्स यांच्या गदारोळात लाकडी पेटीचा आवाज बुडायचा. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्यांना ते धूड मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागायचे. शिवाय त्याला पडदे, म्हणजे मानेवर सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या, नसतात. बोट जरा सरकले की सूर हलला.

यावर पहिला चोख उपाय काढला सिॲटल शहरातल्या पॉल टुटमार्क या संगीतशिक्षकाने. १९३०च्या दशकात त्याने ‘ऑडिओव्हॉक्स’ नावाने भरीव लाकडाचे, पडदे असलेले, गिटारसारखे आडवे धरायचे विजेचे बेस वाद्य बनवले. आजच्या बेस गिटारची सगळी लक्षणे त्यात होती. पण ते फारच थोडे विकले गेले आणि विस्मरणात गेले. शोधाचे श्रेय देताना टुटमार्कचे नाव आधी घ्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. पुष्कळ ठिकाणी ते घेतलेच जात नाही.

मग आला लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक काय कुरकुरतात ते तो कान देऊन ऐकायचा. १९५१च्या अखेरीस त्याची ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. ब्रिजपासून नटपर्यंत, म्हणजे मोकळ्या तारेची लांबी त्याने ३४ इंच ठेवली. डबल बेसची साधारण ४२ असते, त्याच्या गिटारची साडेपंचवीस. हा ३४चा आकडा आजही प्रमाण मानला जातो. पुढच्याच वर्षी त्याने ‘बेसमन’ हा खास ॲम्प्लिफायर काढला, कारण नुसते वाद्य देऊन भागत नव्हते, तो खालचा सूर फेकायला यंत्रही हवे होते. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात मंक मॉन्टगमरीने ही बेस गिटार वाजवली आणि जॅझवाल्यांच्या नजरेत ती भरली. एक व्यवहाराची बाजूही होती. गिटार येणाऱ्या माणसाला हे वाद्य थोड्या दिवसांत हाताळता यायचे. डबल बेसला वर्षे द्यावी लागत.

आता वाद्य जवळून पाहू. अंग भरीव लाकडाचे, बहुधा ॲश किंवा अल्डरचे. मान मेपलची. मानेच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. ही सळई नसेल तर मान धनुष्यासारखी वाकेल. इंदूरला एप्रिल-मेची कोरडी झळ आणि पाठोपाठ जुलैची ओल, यात लाकूड हलते. पावसाळ्यात तारा पडद्यांवर वाजून खरखर करू लागल्या, तर वाद्य बिघडले म्हणून घाबरू नये. जाणकाराकडून सळई पाव फेरा फिरवून घेतली की बहुतेक वेळा काम भागते.

जाड ई तार सुमारे २.७ मिलिमीटरची असते, पण ती भरीव नसते. भरीव असती तर कांबीसारखी ताठ राहिली असती आणि तिच्यातून गोड सूर निघाला नसता. आत बारीक पोलादी गाभा, त्यावर निकेलच्या किंवा पोलादाच्या तारेचे वेढे. गाभा लवचिक राहतो आणि वेढ्यांनी वजन वाढते. पखवाजाच्या पुडीवरची कणीक ती हीच. सुरुवातीचे वेढे चपट्या पट्टीचे असत, आवाज मऊ आणि दबलेला यायचा. १९६०च्या दशकात गोल तारेच्या वेढ्यांच्या तारा आल्या आणि बेसला धार आली, टणत्कार आला.

तारांखालची काळी पट्टी म्हणजे पिकअप. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत तेवढ्याच लयीचा बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलेच तत्त्व. पण वेढे भोळे असतात. तारेचे कंपन आणि मांडवातल्या वायरींचे क्षेत्र यांत ते भेद करत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी सूर ४९ हर्ट्झचा, मोकळी जी तार ९८ची. म्हणजे विजेची गुणगुण आणि तिची दुप्पट, दोन्ही नेमक्या बेसच्या सुरांना चिकटून बसतात. गणपतीच्या मांडवात रोषणाईच्या माळा आणि डिमर चालू असताना जुन्या धाटणीचा पिकअप कसा घुमतो, हे साउंडवाल्याला विचारा. फेंडरने १९५७ मध्ये यावर उतारा काढला: पिकअपचे दोन तुकडे, दोन तारांना एक, वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. तारांचा आवाज टिकतो आणि बाहेरची गुणगुण आपसांत कटते. १९६० मध्ये आलेल्या ‘जॅझ बेस’ला दोन पूर्ण पिकअप आणि अरुंद मान होती. आजही दुकानात टांगलेल्या बहुतेक बेस या दोन्हींपैकी एकीच्या वंशातल्या असतात.

जर्मनीच्या हॉफनर कंपनीने व्हायोलिनच्या आकाराची पोकळ, हलकी बेस काढली होती. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने ती घेतली. फेंडर परवडत नव्हती आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने डाव्या हाताने वाजवायला ती वेडीवाकडी दिसत नव्हती. पुढे त्याने बेसला मूळ सुरांच्या पहाऱ्यावरून सोडवून गाणारी केली. डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तार छेडायचा. साठच्या दशकातल्या तिथल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचा तळ त्याने बांधला, पण बराच काळ तबकड्यांवर त्याचे नाव छापले गेले नाही. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर कार्यक्रम करायचा आणि साथीला ड्रमवाला नव्हता. म्हणून त्याने अंगठ्याने तार ठोकून मोठ्या ड्रमची आणि बोटाने तार उचकटून छोट्या ड्रमची जागा भरली. त्याला आज ‘स्लॅप’ म्हणतात.

यावरून बेसचे काम लक्षात येते. ती लय आणि सूर यांच्या सांध्यावर बसते. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर तिचा ठोका जुळला तरच ठेका ‘बसतो’. तबल्यात डग्ग्याचा घुमारा हे काम काही अंशी करतो, पण डग्ग्याला गाण्याच्या कॉर्डबरोबर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीबरोबर, जागा बदलायची नसते. बेसला बदलावी लागते. रागसंगीतात तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो, प्रत्येक सुराचा अर्थ त्या एका सुराच्या नात्याने ठरतो. बेस हा पायाच हलवते. हे घरी करून पाहण्यासारखे आहे. काळी एक किंवा सोयीचा कोणताही षड्ज धरून एकाने गंधार लावून ठेवावा. दुसऱ्याने पेटीवर मंद्रात आधी ‘सा’ द्यावा: गंधार उजळ आणि स्थिर वाटेल. मग ‘सा’ सोडून शुद्ध धैवत द्यावा: तोच गंधार आता धैवताचा पंचम झाला, त्याच्यात उदासी उतरते. मग मध्यम द्यावा: गंधार अधांतरी लोंबकळतो. गाणाऱ्याने काहीही बदललेले नसते. गाण्याचे मन बदलण्याची ही ताकद बेसवाल्याच्या हातात असते, आणि म्हणूनच तो मंचावर हवा.

हिंदी चित्रपटसंगीतात हे काम आधी डबल बेस करायचा. मुंबईच्या वाद्यवृंदांत पाश्चात्त्य वाद्यांवर गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. बेस गिटार खरी पुढे आली ती राहुलदेव बर्मन यांच्या काळात. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. पुढच्या पिढीत ए. आर. रहमान यांच्याकडे कीथ पीटर्स होते. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९चा. इथे त्यांची गाणी गाणाऱ्या मुली जागोजागी भेटतात. सत्तरच्या दशकातले त्यांचे एखादे गाणे हेडफोनवर लावून आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे आणि फक्त खालची ओळ ऐकावी, एवढेच त्या मुलींना सांगावेसे वाटते. मोबाइलच्या स्पीकरवर ते जमणार नाही. ४१ हर्ट्झ वाजवायला तो समर्थ नसतो. वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ सुराचा अंदाज बांधतो, म्हणून बेसचा भास होतो. अंगात शिरणारा सूर मात्र मोठ्या स्पीकरातूनच येतो.

कीबोर्डच्या डाव्या हाताची गोष्ट इथेच येते. सूर तेच निघतात. पण तार छेडताना बोट किती मऊ पडले, सूर कुठे दाबून तोडला, दोन सुरांमध्ये किती श्वास ठेवला, यातून जो डोल तयार होतो तो कीबोर्डच्या पट्टीतून येत नाही. शिवाय कीबोर्डवाल्याचे अर्धे लक्ष उजव्या हातातल्या व्हायोलिनांच्या तुकड्यांवर असते. तो तिथेच अडकलेला असतो.

आपल्या संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा टप्पा पडदे काढून टाकण्याचा. प्रिसिजनने पडद्यांमुळे नाव मिळवले आणि पंचवीस वर्षांच्या आत वादकांनी ते पुन्हा उपटले. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसचे पडदे काढून खाचा बुजवल्या. १९७६ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने बिनपडद्याची बेस एकल वाद्य म्हणून उभी राहिली. पडदे गेले की मींड येते. त्याच सुमारास तारांची संख्याही वाढू लागली. पाच तारांच्या बेसची खालची बी तार सुमारे ३१ हर्ट्झवर बोलते. आज मोहिनी डे हिच्यासारखी मुंबईत वाढलेली वादक बोलांच्या जोड्या बेसवर उतरवते, तेव्हा ते वाद्य उसने राहिलेले नसते.

इंदूरमध्ये बेस शिकणारी मुले बहुतेक गिटारवरून येतात आणि चार पडद्यांच्या चौकटीत बोटे पळवण्यात रमतात. त्यातल्या एखाद्याने बिनपडद्याची बेस घ्यावी, ई तार षड्जाला मिळवून मोकळी सोडावी आणि ए तारेवर अतिकोमल ऋषभाचे, म्हणजे कोमल ऋषभाहूनही किंचित खालच्या सुराचे, आंदोलन शोधत बसावे. पडद्यांच्या बेसवर तो सूर सापडत नाही, दोन पडद्यांच्या मध्ये राहून जातो.