रक्ततपासणीपुरती ओळख : समलिंगी आणि ट्रान्सजेंडर ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

आज साठी-पासष्टी ओलांडलेल्या समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांची आपल्या दवाखान्यांनी आजवर तीन प्रकारे नोंद घेतली. आधी कायद्याच्या नजरेतले गुन्हेगार, मग मनोरुग्ण, मग एचआयव्हीच्या संदर्भातला ‘जोखीम गट’. या पिढीला आता मधुमेह आहे, गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आहेत, काहींना विस्मरण सुरू झाले आहे. वयोवृद्ध रुग्ण म्हणून त्यांचा विचार आत्ता कुठे सुरू होतो आहे. त्यांच्यापैकी अनेक जण डॉक्टरसमोर तोंड का उघडत नाहीत, याची कारणे या इतिहासात आहेत.

सुरुवात १८६० च्या भारतीय दंडसंहितेपासून. तिच्या कलम ३७७ ने ‘अनैसर्गिक’ संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तृतीयपंथीयांसाठी वेगळा भागच होता. पोलिसांनी त्यांची नोंदवही ठेवायची, अशी त्यात तरतूद होती. कलम ३७७ खाली प्रत्यक्ष शिक्षा झालेल्यांची संख्या फार नव्हती, पण त्याचा धाक तपासणीच्या खोलीपर्यंत पोचलेला होता. आपले संबंध कुणाशी आहेत हे डॉक्टरला सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे. त्यामुळे गुदमार्गाचा त्रास ‘मूळव्याध असेल’ म्हणून सांगायचा, लग्न का केले नाही या प्रश्नाला काहीतरी ठरलेले उत्तर द्यायचे, ही सवय विशीत लागली आणि सत्तरीतही सुटलेली नाही.

ज्यांनी धीर करून सांगितले, त्यांना मानसोपचारांच्या वाटेला लावले गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले आणि १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तोच निर्णय घेतला. आपल्याकडे मात्र १९८० च्या दशकातही समलिंगी पुरुषांना ‘बरे’ करण्याचे प्रयोग वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. त्यात विजेचे सौम्य धक्के देऊन तिटकारा निर्माण करण्याची पद्धतही होती. त्या काळात पंचवीस वर्षांचा असलेला रुग्ण आज पासष्टी-सत्तरीत आहे. त्याला नैराश्य आले तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला का कचरतो, हे वेगळे सांगायला नको. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ च्या जुलैमध्ये स्पष्ट निवेदन काढले की समलैंगिकता हा आजार नाही. असले ‘उपचार’ करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवायला २०२२ उजाडले. तेही मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी २०२१ पासून पाठपुरावा केल्यामुळे.

मधल्या काळात एड्स आला. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत भीतीने सगळ्यावर मात केली. गोव्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याच्या रक्तात विषाणू सापडल्यावर, तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन १९८९ मध्ये त्याला म्हापशात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवले होते. तो ना आजारी होता ना आरोपी. या तरतुदीला त्याच्या आईने न्यायालयात आव्हान दिले, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. सरकारी दवाखान्यात रक्त दिले की काय होऊ शकते, हे त्या पिढीने असे पाहिले.

त्याच भीतीच्या काळात मुंबईत काहीतरी वेगळे घडत होते. १९९० मध्ये अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. कलम ३७७ शाबूत असताना एका महापालिकेने समलिंगी पुरुषांच्या संस्थेला छप्पर द्यावे, ही मला आजही त्या काळातली मोठी गोष्ट वाटते. तिथे तपासणी, समुपदेशन आणि निरोध मिळू लागले. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत सोप्या भाषेत लिहून, हेल्पलाइनवर बोलून छोट्या गावांतल्या पुरुषांपर्यंत माहिती पोचवली.

पण या सगळ्याला पैसा येत होता तो एचआयव्हीच्या नावाने. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या कार्यक्रमात या पुरुषांना ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, म्हणत आणि त्यांची गणना अति जोखमीच्या गटात होई. त्या गणनेमुळे पुष्कळ जीव वाचले, हे कुणी नाकारू नये. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. इतकेच नव्हे, २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नॅकोने प्रतिज्ञापत्र दिले की कलम ३७७ मुळे हे लोक लपून राहतात आणि प्रतिबंधाचे काम अडते. गृह खाते त्याच न्यायालयात कलम टिकवा म्हणत होते. एकाच सरकारची दोन खाती एकमेकांविरुद्ध उभी राहिली, आणि आरोग्य खात्याने या नागरिकांची बाजू घेतली.

तरीही या व्यवस्थेला त्यांचे रक्त तेवढे हवे होते. विषाणूचा अहवाल निगेटिव्ह आला की माणूस तिच्या नजरेआड होई. रक्तदाब, प्रोस्टेट, एकटेपणा यांचा त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आणि जे पॉझिटिव्ह होते आणि औषधांमुळे जगले, त्यांच्या म्हातारपणाचा विचार कुणी केला नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत दिल्या गेलेल्या स्टॅव्ह्युडीन या एआरटी औषधाने कित्येकांचे गाल आत गेले, पायांना कायमच्या मुंग्या आल्या. दीर्घकाळ एचआयव्ही असलेल्यांत हृदयविकार आणि हाडांची झीज लवकर गाठते. अशा रुग्णाला एआरटी केंद्र, हृदयरोग विभाग आणि अस्थिरोग विभाग या तीन रांगांमध्ये उभे राहावे लागते आणि प्रत्येक रांगेत आपली कहाणी नव्याने सांगावी की लपवावी, हे ठरवावे लागते.

समलिंगी स्त्रियांचे काय झाले? त्या या जोखीम गटात बसत नसल्यामुळे त्यांच्यासाठी ना निधी आला, ना दवाखाना. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेला स्त्री संगम हा गट, पुढे तो लेबिया या नावाने ओळखला गेला, बहुतांशी स्वतःच्या खिशातून आणि परस्परांच्या आधारावर चालला. दोन मैत्रिणी म्हणून तीस-तीस वर्षे एका घरात राहिलेल्या बायका सगळ्या गावाला ठाऊक असतात. पण स्त्रीरोगतज्ज्ञाचा पहिला प्रश्न असतो, ‘मिस्टर काय करतात?’ त्या प्रश्नापाशी अनेकींच्या गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या तपासण्या थांबतात.

हिजडा समाजाची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण म्हातारपणाची सोय त्यांनी स्वतः केली होती. गुरू थकला की चेल्यांनी त्याला सांभाळायचे, अंघोळ घालायची, औषधपाणी बघायचे, अखेरचे सोपस्कार करायचे. घराण्यांची ही रीत कुठल्याही सरकारी ज्येष्ठ धोरणाहून जुनी आहे. तिलाही मर्यादा आहेत. घराण्यातून बाहेर पडलेल्याला कुणी नसते आणि भिक्षेवर जगणाऱ्या चेल्याकडे शस्त्रक्रियेचे पैसे कुठून येणार? त्यात शरीराचे प्रश्न वेगळे. पूर्वी निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण काढण्याचा विधी, बहुधा डॉक्टरविना होई, त्यामुळे उतारवयात लघवीची वाट अरुंद होण्याचा त्रास मागे लागतो. वृषण काढल्यानंतर हार्मोन मिळाले नाहीत तर हाडे ठिसूळ होतात. अनेकींनी दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन त्यावरच वर्षे काढली, त्यांच्यात रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. हे सगळे माहीत असलेला डॉक्टर भेटण्याआधीच प्रश्न येतो की वॉर्ड कुठला, पुरुषांचा की बायकांचा.

सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क दिला आणि रुग्णालयांत योग्य सेवा देण्याचे आदेश सरकारांना दिले. ठाण्याच्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात हस्तक्षेप अर्जदार होत्या. त्यानंतर २०१९ चा कायदा आला. त्याच्या कलम १५ मध्ये आरोग्याची यादी आहे आणि तिची पहिलीच बाब एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रांची आहे. लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन, विमा हे सगळे पुढे येते, वार्धक्याचा उल्लेख कुठेच नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तरुण शरीर आणि विषाणू होते, असेच ही यादी वाचून वाटते. २०२२ मध्ये आयुष्मान भारतची ‘टीजी प्लस’ योजना जाहीर झाली, ट्रान्सजेंडर व्यक्तींना उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांचे संरक्षण देणारी. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ मध्ये त्यांच्यासाठी ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ ट्रान्सजेंडर व्यक्तींची नोंद होती आणि तीही अपुरी मानली जाते. त्या मानाने ३० खाटा फार थोड्या, पण सुरुवात म्हणून मी त्यांचे मनापासून स्वागत करतो.

समलिंगी जोडप्यांसाठी ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेज जोहर निकाल हा मोठा टप्पा. त्याने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. त्यात न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी. १९५८ मध्ये जन्मलेला माणूस त्या दिवशी साठ वर्षांचा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतली, ती मधली साडेचार वर्षे सोडली तर त्याचे सगळे तारुण्य आणि प्रौढपण कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याच्या सावलीत गेले होते. पण गुन्हा पुसला गेला तरी नाते उभे राहिले नाही. आणि दवाखान्यात उतारवयात सर्वांत जास्त काय लागते, तर नाते.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा घ्या. मूलबाळ नसलेल्या वृद्धाला सांभाळण्याची जबाबदारी तो ‘नातेवाइका’वर टाकतो आणि नातेवाईक म्हणजे त्याच्या मालमत्तेचा कायदेशीर वारस. ज्या पुतण्याने काकांचे तोंड वीस वर्षे पाहिले नाही तो या व्याख्येत बसतो, आणि रोज इन्सुलिन टोचणारा जोडीदार बसत नाही. अवयवदान कायद्याचेही तसेच. पती किंवा पत्नी मूत्रपिंड देऊ शकतात ते जवळचे नातलग म्हणून. चाळीस वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराला मात्र प्राधिकरण समितीपुढे जाऊन आपला जिव्हाळा सिद्ध करावा लागतो. आणि डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे विनियम सांगतात की शस्त्रक्रियेआधी पती वा पत्नीची, रुग्ण अल्पवयीन असल्यास आईवडील वा पालकाची, किंवा स्वतः रुग्णाची लेखी संमती घ्यावी. खुब्याचे हाड मोडून बेशुद्ध पडलेला रुग्ण सही करू शकत नाही आणि सोबत आलेला माणूस ‘मित्र’ म्हणून बाहेरच्या बाकावर बसतो.

अमेरिकेत हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पेटला होता. १९८३ मध्ये मिनेसोटात मोटार अपघातात शॅरन कोवाल्स्की कायमची अपंग झाली. वडिलांना पालकत्व मिळाले आणि तिची जोडीदार कॅरन थॉम्पसन हिला भेटीचीही बंदी झाली. कॅरनला पालकत्व मिळाले ते १९९१ मध्ये. त्या खटल्यानंतर तिथल्या समलिंगी जोडप्यांत वैद्यकीय मुखत्यारपत्र आगाऊ करून ठेवण्याची जाणीव पसरली. न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून ‘सेज’ ही संस्था केवळ समलिंगी आणि ट्रान्सजेंडर ज्येष्ठांसाठी काम करत होतीच, तिच्या अनुभवातून पुढे वृद्धाश्रमांच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण उभे राहिले.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. त्याच खटल्यात काही याचिकाकर्त्यांनी विवाहापलीकडे जाऊन, आपण निवडलेल्या कुटुंबाला मान्यता मागितली होती. ज्येष्ठांच्या दृष्टीने मला ती मागणी अधिक मोलाची वाटते, कारण या वयात अनेकांचा आधार जोडीदार नसून जुने दोस्त असतात. सरकारने न्यायालयाला दिलेल्या शब्दानुसार कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे त्यात होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या जोडीदाराच्या पार्थिवासाठी एका तरुणाला केरळ उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले होते. पत्रामुळे मृत्यूनंतरची वाट थोडी मोकळी झाली. जिवंत असताना अतिदक्षता विभागाच्या दाराशी काय करायचे, ते अनुत्तरितच आहे.

एक अपवाद मात्र आहे आणि तो पुरेसा लोकांना ठाऊक नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ नुसार कुणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक असण्याची अट नाही. याच कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी आहे. विस्मरणाच्या आजाराने मानसिक आरोग्य केंद्रात दाखल झालेल्या वृद्धेच्या बाजूने तिची सोबतीण त्या कागदाच्या जोरावर बोलू शकते. तीच वृद्धा घसरून पडली आणि अस्थिरोग विभागात आली, तर तो कागद तिथे चालत नाही. साधे मुखत्यारपत्रही नाही, कारण आपल्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपते. डॉक्टरांच्या त्या २००२ च्या विनियमांचा मुद्दा घेऊन एका महिलेने आपल्या जोडीदाराची वैद्यकीय प्रतिनिधी म्हणून मान्यता मागणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात केली आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. मानसिक आजारासाठी संसदेने जी सोय २०१७ मध्येच केली, ती बाकीच्या शरीरासाठीही करा, एवढेच तिचे मागणे आहे.