चढ ओढला म्हणजे घाट पार झाला, असे नाही

जीप ट्रेलरवर चढवून अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरहून शेजारच्या युटा राज्यातील मोआबला नेताना ओढणाऱ्या गाडीचे इंजिन चढ ओढू शकले की मार्ग योग्य ठरला, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो अपुरा आहे आणि धोकादायकही आहे.

चढाची चिंता अगदीच खोटी नाही. हवा विरळ होत जात असल्याने साध्या, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फूट उंचीला सुमारे 3 टक्क्यांनी घटते, त्यामुळे याच मार्गावरील, 11,158 फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी ती जवळपास एक तृतीयांशाने कमी झालेली असते. पण तेथे बहुधा वेग मंदावतो, एवढेच.

खरी परीक्षा बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्न गावापर्यंतच्या सुमारे 13 किलोमीटरांच्या उतारावर होते, कारण गाडी, ट्रेलर आणि जीप मिळून 5 टन धरले, तर सुमारे 730 मीटर खाली येताना साधारण एक लिटर पेट्रोल जाळल्याइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर सोपवल्यास ते तापून निकामी होऊ शकतात. निसटलेल्या ट्रकांसाठी या उतारावर वाळू-खडीचे चढते फाटे उगाच बांधलेले नाहीत.

म्हणून मार्ग आखताना नकाशावर आधी उतारांची लांबी आणि तीव्रता पाहावी, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत आणि उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनही गाडीला रोखून धरते. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय, जी आपल्याकडील घाटांतही दिसते, कोलोरॅडोत कायद्यानेच निषिद्ध आहे.