रॅमवर ३२०० छापलंय, मग संगणक २४०० का दाखवतो?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : रॅमचा वेग आणि बायोसची सेटिंग

नवी रॅम बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये कमी आकडा दिसला, की पहिली शंका येते ती जुना माल गळ्यात मारल्याची. बहुतेक वेळा रॅम ठीक असते, फक्त तिला तिचा वेग कोणी सांगितलेला नसतो.

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर, म्हणजे पट्टीवर, एक बारीकशी चिप असते. तिच्यात त्या स्टिकचे वेग नोंदलेले असतात. एक वेग जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमातला. डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या बाबतीत तो २१३३, २४००, २६६६ किंवा ३२००, आणि व्होल्टेज १.२. दुसरा वेग उत्पादकाने स्वतः तपासून दिलेला असतो. ३२०० किंवा ३६०० च्या स्टिकला त्यासाठी सहसा १.३५ व्होल्ट लागतात. या दुसऱ्या नोंदीला एक्सएमपी म्हणतात. एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या डीडीआर५ मदरबोर्डांसाठी तिचेच भावंड म्हणजे एक्स्पो. बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना जोखीम घेत नाही, जेडेकचा वेग धरतो. पाकिटावर मात्र मोठा आकडा छापलेला असतो.

आधी आकडा नीट वाचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ उघडा आणि ‘स्पीड’ पाहा. सीपीयू-झेड हे संगणकाच्या भागांची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे ३२०० च्या रॅमसाठी १६०० दिसेल. घाबरू नका. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून १६०० ची दुप्पट ३२००. सीपीयू-झेडच्या त्याच पानावर चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या माहितीच्या वाटा, किती चालू आहेत तेही पाहून घ्या. डीडीआर४ ला ‘ड्युअल’ हवे. डीडीआर५ ला ‘४ x ३२-बिट’ हवे. ‘२ x ३२-बिट’ असेल तर एकच चॅनल चालू आहे. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. शेजारी-शेजारी बसवल्या तर रॅम चालते, पण चॅनल एकच राहतो. ३२०० च्या रॅमला एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी मिळतात, दोन चॅनलवर ५१.२. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक २६६६ आणि ३२०० मधल्या फरकापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

सेटिंग कुठे असते

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, म्हणजे बायोस (बोर्डचा स्वतःचा सेटिंगचा प्रोग्राम) उघडेल. साध्या पानावरच एक्सएमपी दिसले तर उत्तम. नाहीतर आसूसवर एफ७ दाबून ‘एआय ट्वीकर’, गिगाबाइटवर एफ२ दाबून ‘ट्वीकर’, एमएसआयवर एफ७ दाबून ‘ओसी’, आणि एएसरॉकवर ‘ओसी ट्वीकर’. आसूसच्या एएमडी बोर्डांवर याचे नाव ‘डीओसीपी’ असते. ‘प्रोफाइल १’ निवडा, एफ१० दाबून जतन करा. व्होल्टेज आणि टायमिंगचे बाकीचे रकाने ‘ऑटो’वरच राहू द्या. हा पर्याय सापडतच नसेल आणि स्टिकवर १.२ व्होल्ट, सीएल २२ असे छापले असेल, तर ती ३२०० जेडेकच्याच नियमाने देते. तिच्यात एक्सएमपी नसते आणि लागतही नाही.

कुठे वेग वाढणारच नाही

इंटेलचे एच३१०, बी३६०, बी३६५, एच४१० आणि बी४६० हे चिपसेट (बोर्डवरच्या मुख्य चिप) प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे रॅम जाऊ देत नाहीत. दहाव्या पिढीच्या आय५ ची मर्यादा २६६६ आहे. म्हणजे एच४१० वर ३६०० ची रॅम घातली तरी ती २६६६ लाच चालणार, जास्तीचे पैसे वाया. एच५१० आणि एच६१० वरही अशीच अटकाव आहे. बी५६०, बी६६०, बी७६० हे मोकळे. एएमडीच्या बी४५०, ए५२०, बी५५० वर अडचण नाही. पण एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरबरोबर रॅम ३६०० च्या पुढे नेली, की आतली जोडणी बहुधा रॅमच्या वेगाशी जुळत नाही आणि आकडा वाढूनही काम मंदावू शकते. आमचे मत विचाराल तर तिथे ३६०० वर थांबावे. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगाच्या स्टिकबरोबर चालतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सेटिंगच नसते.

रायझन ७००० च्या बोर्डावर ‘दोन स्लॉट रिकामे आहेत, भरून टाका’ हा मोह टाळा. दोन स्टिकसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा ५२०० आहे, चार स्टिक लावल्या की ३६००. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या.

एक्सएमपी लावले आणि पडदा काळा

बोर्ड आता रॅमशी जुळवून घेत असतो. डीडीआर५ वर, विशेषतः एएमडीच्या एएम५ (रायझन ७००० आणि त्यापुढच्या) बोर्डांवर, पहिल्या खेपेला काही मिनिटे लागतात. पंखे फिरतात, ‘डीआरएएम’ लिहिलेला दिवा पेटलेला असतो, पडद्यावर काही नाही. अशा वेळी बटण दाबून बंद करू नका, पंधरा मिनिटे थांबा. जमले नाही तर बरेच बोर्ड दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन जुन्या वेगावर परत येतात.

तसे झाले नाही तर भिंतीवरचे बटण बंद करा, वायर काढा, बोर्डवर ‘सीएलआरटीसी’, ‘सीएलआर सीएमओएस’ किंवा ‘जेबॅट१’ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. मात्र यात बायोसच्या सगळ्याच सेटिंग मूळ पदावर येतात. जुने विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने किंवा डिस्क ‘रेड’ मोडवर टाकलेली असेल तर नंतर विंडोज सुरू होत नाही, आणि दोष रॅमला दिला जातो. म्हणून काहीही बदलण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

रॅमचे सोनेरी टोक खोडरबरने घासायची आपल्याकडे पद्धत आहे. खोडरबर मुलामा झिजवतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड पुरते.

रोज सकाळी वेग पुन्हा कमी?

रात्री भिंतीवरचे बटण बंद केले आणि सकाळी तारीखही चुकलेली असेल, तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. बटण चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय बोर्डला थोडी वीज देत राहतो, म्हणून दिवसभर काही कळत नाही. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.७ च्या खाली गेला की बदला.

चालतो, पण मधेच निळा पडदा

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकून चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. काही तास लागतात. चूक शून्यच हवी, एखादी चालते असे नसते. चुका फक्त एक्सएमपीवर येत असतील तर वेग एक पायरी उतरवा, ३२०० वरून २९३३. व्होल्टेज चढवून आकडा गाठायच्या मागे लागू नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जादा ‘एसओसी’ व्होल्टेजमुळे जळाले आणि एएमडीला नव्या बायोसद्वारे १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. जेडेकच्या वेगावरही चुका आल्या तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. दोषी स्टिक सापडली तरी किट म्हणून घेतलेली जोडी वॉरंटीसाठी जोडीनेच आणा.

बायोस अपडेट

हा शेवटचा उपाय. त्याने रॅमची जुळवणी खरोखर सुधारू शकते, विशेषतः एएम५ वर. पण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस असल्याशिवाय हात लावू नका. फाइल अचूक मॉडेलचीच घ्या. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात छापलेला ‘रेव्ह’ क्रमांकही जुळला पाहिजे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप) चालू असेल तर आधी स्थगित करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा आम्हालाही काढून देता येणार नाही. अपडेटनंतर एक्सएमपी पुन्हा बंद झालेले असते, ते लावायला विसरू नका.

आमच्याकडे संगणक आणणार असाल तर फक्त कॅबिनेट, बायोसचे फोटो आणि रॅमचे बिल पुरे. मॉनिटर आणि कीबोर्ड घरीच राहू द्या.