सेट्रिझिन की लिवोसेट्रिझिन? झोप दोन्हींनी येते

"सेट्रिझिनने गुंगी येते, लिवो द्या," हे ॲलर्जीची गोळी घेताना मेडिकलच्या काउंटरवर सर्रास ऐकू येतं. लिवोसेट्रिझिन म्हणजे झोप न आणणारी गोळी, असा समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे, आणि गोळी घेऊन दुचाकीवर बसणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

सेट्रिझिनमध्ये एकाच रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. ॲलर्जीवर मुख्यतः त्यातलं एकच काम करतं. तेवढंच वेगळं काढलं की झालं लिवोसेट्रिझिन. म्हणूनच मोठ्या माणसाला सेट्रिझिन 10 मिलिग्रॅमची आणि लिवो 5 ची. आकडा निम्मा, पण काम करणारं औषध तेवढंच. साहजिकच सुस्ती, थकवा, तोंडाला कोरड हे त्रास दोन्हींत सारखेच. कुणाला एकीने जास्त पेंग येते, कुणाला दुसरीने. ते ज्याच्या-त्याच्या शरीरावर. दारू घेतली तर गुंगी आणखी वाढते. दोन्ही गोळ्या बऱ्याचशा लघवीवाटे बाहेर पडतात, त्यामुळे किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, त्यामुळे तो त्रास असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

महिनोन्‌महिने रोज घेतलेली गोळी एकदम थांबवल्यावर अंगभर भयंकर खाज सुटू शकते. हे क्वचित घडतं, पण अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मे 2025 मध्ये दोन्ही औषधांबाबत तसा इशारा दिला आहे. अशी खाज म्हणजे जुनी ॲलर्जी उलटली, असं रुग्णाला वाटतं आणि गोळी पुन्हा सुरू होते. त्याऐवजी डॉक्टरांना गाठावं.

खरा फरक पडतो तो सोबतच्या औषधाने. स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचा. लिवोबरोबर बऱ्याचदा मॉन्टेलुकास्ट हे दमा-ॲलर्जीवरचं औषध असतं. त्याने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. लहान मुलाचं वागणं अचानक बदललं तर ते अंगावर काढू नका. सेट्रिझिन सर्दीच्या कित्येक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आणि चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या फिनाईलेफ्रिनबरोबर असतं. सकाळी सर्दीची गोळी आणि रात्री शिंकांसाठी लिवो घेतली, तर एकच औषध दोनदा पोटात जातं.

दिवसभर गाडी किंवा मशीन चालवायची असेल तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीवरच्याच दुसऱ्या औषधाबद्दल विचारा. ते मेंदूत फारसं पोचत नाही, म्हणून झोप कमी येते. मात्र ते साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं; संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही.