पार्श्वभूमी : झोपेची गोळी आणि तिच्याऐवजी आलेल्या गोळ्या

सातारा-सांगलीकडच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की एक मागणी हमखास ऐकू येते. "ती रात्रीची बारीक गोळी द्या, एक पट्टी." नाव कुणी घेत नाही, रिकाम्या पट्टीचा तुकडा पुढे करतात. बहुतेक वेळा ती अल्प्राझोलाम असते, नाहीतर क्लोनाझेपाम. कधीकाळी डिस्चार्ज कार्डावर 'रात्री १, पाच दिवस' असं लिहिलेलं असतं आणि त्या पाच दिवसांची दहा वर्षं होतात. मग घरातलं कुणीतरी डॉक्टरांना विचारतं, "हिच्याऐवजी दुसरी एखादी बिनधोक गोळी नाही का?"

हा प्रश्न गोळीइतकाच जुना आहे. झोपेची जवळपास प्रत्येक गोळी बाजारात आली ती आधीच्या गोळीचा बिनधोक पर्याय म्हणूनच.

१८६९मध्ये बर्लिनच्या ऑटो लीबराइख यांनी क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आणलं. त्या काळी ब्रोमाइडची मिश्रणंही चालत. १९०३मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटल पुढे आणलं आणि १९१२पासून फेनोबार्बिटल आलं. आपल्याकडे फिटच्या पेशंटांना ते 'गार्डिनल' म्हणून अजून माहीत आहे. या बार्बिट्युरेटांचा दोष असा, की झोप आणणारा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यांत फार अंतर नसतं. दोन गोळ्या जास्त गेल्या, वर दारू असली, की माणूस जिवाला मुकायचा.

म्हणून १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड आलं तेव्हा त्याचं कौतुक झालं. जास्त घेतलं तरी जीव जात नाही, म्हणून ते चिठ्ठीशिवाय विकलं गेलं. गरोदर बायकांनी ते घेतलं आणि हात-पाय खुंटलेली हजारो मुलं जन्माला आली. १९६१च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं. पर्यायाच्या घाईचा इतका भयंकर दाखला दुसरा नाही.

त्याच सुमारास, १९५७मध्येच, अमेरिकेत रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली होती. लिओ स्टर्नबाख यांच्या टेबलावर पूर्वी बनवून ठेवलेला एक पदार्थ तपासायचा राहून गेला होता. तपासला, तर प्राणी शांत होत पण गुंगीत पडत नव्हते. हे क्लोरडायझेपॉक्साइड १९६०मध्ये बाजारात आलं. १९६३मध्ये डायझेपाम आणि १९६५मध्ये खास झोपेसाठी नायट्राझेपाम आलं. आजची आपली बारीक गोळी याच बेंझोडायझेपिन घराण्यातली. नुसती ती जास्त घेतल्याने सहसा मृत्यू येत नाही, हा तिचा खरा गुण. दारू किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकांसोबत घेतली तर मात्र तो गुण उरत नाही.

सवयीचा दोष कळायला वीस-पंचवीस वर्षं लागली. १९८८मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने बजावलं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात. तोवर पुढचा पर्याय तयार होता, झोल्पिडेम. १९९२मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २०१३मध्ये तिथे बायकांसाठी त्याचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५वर आणावा लागला, कारण सकाळी गाडी चालवतानाही औषध रक्तात उरत होतं. २०१९मध्ये, झोपेतच उठून चालणं किंवा गाडी चालवणं अशा प्रकारांबद्दल, त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लावला. आपल्याकडे १ मार्च २०१४पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सगळी 'एच-१' यादीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत, आहेत. दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं, पेशंटचं नाव आणि दिलेली संख्या लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. पट्टीचा तुकडा दाखवून गोळी मिळते तिथे हे रजिस्टर कसं भरतात, हा प्रश्नच आहे.

सवय लागते म्हणजे काय होतं? मेंदूला शांत करणारं 'गाबा' नावाचं रसायन असतं. गोळी त्याचा परिणाम वाढवते. रोज वाढवल्यावर मेंदू त्याला कमी दाद देऊ लागतो. मग एक रात्र गोळी चुकली की मूळच्या निद्रानाशापेक्षाही वाईट रात्र जाते. छाती धडधडते, घाम येतो, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पेशंट म्हणतो, "बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही." खरं तर ती रात्र गोळीनेच घडवलेली असते. अल्प्राझोलाम सुटल्याचा त्रास एक-दोन दिवसांत दिसतो. क्लोनाझेपाम शरीरात जास्त रेंगाळतं, त्यामुळे तीन-चार दिवस काहीच होत नाही, जमलं असं वाटतं, आणि मग त्रास सुरू होतो. वर्षानुवर्षांची गोळी एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते.

त्यामुळे पर्यायाआधी उतरण, म्हणजे डोस हळूहळू कमी करणं, येते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं गोळी सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. आजच्या पद्धतीवर त्या कामाची छाप आहे. साधारण हिशेब असा, की दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या पाच ते दहा टक्के कमी करायचं. क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे थेट पन्नास टक्क्यांची उडी. त्यापेक्षा ०.२५च्या गोळ्या घेऊन एक आणि अर्धी, म्हणजे ०.३७५, ही पायरी बरी. तीही मोठीच आहे. काही डॉक्टर म्हणूनच डायझेपामवर नेतात, कारण त्याची २ मिलिग्रॅमची गोळी मिळते आणि बारीक पायऱ्या पाडता येतात. मात्र म्हाताऱ्या माणसांत डायझेपाम साठतं आणि रात्री मोरीकडे जाताना पडायची भीती वाढते. एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी, असं लिहिलेली गोळी तोडायची नाही.

आपल्याकडची खास अडचण जोडगोळ्यांची. क्लोनाझेपामसोबत एस्सिटालोप्राम, अल्प्राझोलामसोबत प्रोप्रॅनोलॉल, अशा एकाच गोळीत दोन औषधं असतात. ती अर्धी केली की दोन्ही अर्धी होतात. आधी दोन्ही सुटी करून घ्यावी लागतात. पोटाच्या एका गोळीत तर क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं. घेणाऱ्याला वाटतं आपण ॲसिडिटीचं औषध घेतोय.

बिनगोळीचा उपाय १९७२पासून आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचं सांगणं असं: अंथरूण फक्त झोपेसाठी, वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, सकाळची उठायची वेळ रोज एकच आणि दुपारची वामकुक्षी बंद. १९८७मध्ये आर्थर स्पीलमन यांनी त्याला वेळेचं गणित जोडलं. दोन आठवडे वहीत नोंद ठेवायची. आठ तास पडून पाचच तास झोप लागत असेल, तर अंथरुणात साडेपाचच तास. साडेपाचला उठायचं असेल तर बाराच्या आधी पाठ टेकायची नाही. पडलेल्या वेळेतला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. फिटचा किंवा बायपोलरचा त्रास असणाऱ्यांनी आणि ट्रक-एसटी चालवणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. मोठ्याने घोरणाऱ्यांनी आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करावी. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६मध्ये हीच पद्धत निद्रानाशाचा पहिला उपचार ठरवली. शिकवायला वेळ लागतो आणि पट्टीत भरून विकता येत नाही, म्हणून ती मागे राहिली असं आमचं मत. मेलाटोनिनने थोडाफार फरक पडतो. दुधात जायफळ चिमूटभर ठीक, चमचाभर घेतलं तर विषबाधा होते.

मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात चौकशी करता येते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोन मोफत आहे.

आपल्या भागात 'उठायची वेळ एकच' हा नियम अडतो तो रात्रीच्या लाइटपाशी, म्हणजे शेतीपंपाला आळीपाळीने रात्री मिळणाऱ्या विजेपाशी. उसाला पाणी द्यायला रात्री दोनला उठावं लागत असेल, तर त्या आठवड्यात डोस कमी करायचा नाही. आहे तोच ठेवायचा आणि पुढची पायरी दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात घ्यायची. साखर कारखान्यातल्या रात्रपाळीलाही हेच लागू. आणि मोटर चालू करायला जायचं असेल त्या रात्री दहाला गोळी घेऊन दोनला विहिरीवर जाऊ नये. झोप मोडलेली असते, पण गोळी उतरलेली नसते, आणि पुढ्यात ओल्या पायऱ्या आणि स्टार्टरची पेटी असते. कामाच्या रात्री गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.