कागदी विमान आणि त्यासाठी लागणारा कागद

कागदी विमान म्हणजे एकाच कागदाला घड्या घालून, शक्यतो कात्री-गम न वापरता बनवलेलं, हाताने फेकायचं छोटंसं ग्लायडर. याला इंजिन नसतं, हातातून सुटताना जेवढा जोर मिळाला तेवढाच, पुढे मग उंची खर्च करत करत ते खाली येतं. बहुतेक जण घड्यांचे नवनवे प्रकार शोधत बसतात, पण विमान तरंगणार की आपटणार हे अर्धं तर कागद उचलला तेव्हाच ठरलेलं असतं, त्यामुळे इथे कागदाबद्दलच जास्त लिहिलंय.

कागद जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा, असे १६ कागद मिळून साधारण एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचा झेरॉक्सचा एक कागद जवळजवळ ५ ग्रॅमचा. विमानाला हाच सगळ्यात बरा. वर्तमानपत्राचा कागद हलका असतो पण लिबलिबीत, जोरात फेकलं की पंखच दुमडतात. कार्डशीटचं उलटं, तीन-चार थर झाले की घडी बसतच नाही, उघडत राहते. घोटीव कागद पातळ असल्याने लहान वस्तूंना छान, फक्त घडीवरचा रंग कधीकधी निघतो आणि खालची पांढरी रेघ दिसते.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही, ती म्हणजे कागदाला दिशा असते. कारखान्यात पातळ लगदा सरकत्या जाळीवर पडतो तेव्हा त्यातले बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेने सरकते त्याच दिशेला लागतात. वर्तमानपत्र एका बाजूने टर्रकन सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, ते यामुळेच. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी साफ बसते, आडवी घातली तर जाड कागदाला तडे जातात, म्हणून कार्डशीट दुमडायच्या आधी रिकाम्या पेनाने पट्टी लावून रेघ दाबून घ्यायची. पातळ कागदाला एवढं सगळं करायची गरज नाही. आणि हो, कागद हवेतला ओलावा शोषतो, दमट दिवशी कालचं कडक विमान आज मरगळलेलं दिसलं तर घड्यांना दोष देऊ नका.

उडण्याचं म्हणाल तर नाकाकडे घड्या जास्त असतात कारण वजन पुढे लागतं, नाहीतर विमान कोलांट्या खातं. थेट गोता मारत असेल तर पंखांच्या मागच्या कडा जराशा, अगदी नखभर वर वळवायच्या. जास्त वळवल्या तर ते वर चढतं, क्षणभर थबकतं आणि मग धपकन पडतं. समोरून पाहिल्यावर दोन्ही पंख किंचित वर उचललेले दिसले पाहिजेत, त्याने विमान एका अंगावर कललं तरी परत सावरतं. सारखं एकाच बाजूला वळत असेल तर दहातल्या नऊ वेळा मधली पहिली घडीच तिरकी गेलेली असते, आणि ती नंतर सुधारत नाही.

लांब जाणारं आणि जास्त वेळ टिकणारं विमान हे दोन वेगळे प्रकार. २०१२ मध्ये जॉन कॉलिन्स यांनी बनवलेलं विमान जो अयूब या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूने ६९.१४ मीटर फेकलं, म्हणजे बनवणारा एक आणि फेकणारा दुसरा! डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ८८.३१८ मीटरचा विक्रम झाला. हवेत टिकण्यात जपानच्या ताकुओ तोडा यांनी २०१० मध्ये २९.२ सेकंद गाठले, त्यासाठी विमान जवळजवळ सरळ वर फेकावं लागतं.

बाकीच्या कागदकामात हिशोब बदलतो. क्रेप पेपर सुरकुत्यांमुळे ताणला जातो म्हणून फुलांच्या पाकळ्यांना तोच, विमानाला अगदी निरुपयोगी. लगद्याच्या किंवा थर देऊन करायच्या वस्तूंना वर्तमानपत्र उत्तम कारण ते खळ पटकन पितं, चकचकीत मासिकाचा कागद पीत नाही. जपानी वाशी कागद कोझो झाडाच्या सालीतल्या लांब तंतूंचा असतो, म्हणून पातळ असूनही सहज फाटत नाही. जपानी ओरिगामी (कागदाला घड्या घालायची कला) कलाकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी तर जाड कागद किंचित ओलसर करून घड्या घालायची पद्धत काढली, वाळला की आकार तसाच कडक राहतो आणि कागदाचे प्राणी सपाट न दिसता गोलसर दिसतात.

विमानाचं नाक भिंतीवर चेपलं तर सरळ करून अजून दोन-तीन फेऱ्या निघतात, पण मग तिथले तंतू तुटून कागद कापडासारखा मऊ पडतो आणि नवीनच कागद घ्यावा लागतो.