व्हेरिएशनल क्वांटम अल्गोरिदम : व्यवहारातील उपयोग

क्वांटम संगणक आणि साधा संगणक यांनी काम वाटून घेऊन उत्तराजवळ सरकत जाण्याची गणनपद्धत. क्वांटम यंत्र क्यूबिटांची, म्हणजे त्याच्या माहितीच्या मूळ एककांची, एक अवस्था तयार करून मोजमाप देते. साधा संगणक ते पाहून यंत्राच्या सर्किटमधले (क्यूबिटांवरच्या क्रियांच्या साखळीतले) कोन, म्हणजे क्यूबिट किती फिरवायचे ते ठरवणारे आकडे, किंचित बदलतो आणि पुन्हा मोजायला लावतो. आजचे क्यूबिट लवकर बिघडतात, त्यामुळे लांबलचक गणित एका दमात होत नाही. ते छोट्या खेपांत उरकावे लागते.

तत्त्व समजायला वावरातली विहीर पुरे. दोराला दगड बांधून आत सोडला तर तो तळाखाली जात नाही. कपारीवर अडकला तर खोली कमी भरते, पण खरीपेक्षा जास्त कधीच भरत नाही. रेणूचेही तसेच आहे. त्याची कोणतीही अवस्था कल्पिली, तरी सरासरी ऊर्जा खऱ्या किमान ऊर्जेखाली उतरत नाही. म्हणून, यंत्रातल्या गोंगाटाने मोजमाप बिघडले नसेल, तर जितका खालचा आकडा तितका तो खऱ्याजवळचा.

रसायनशास्त्रात या पद्धतीचा पहिला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिस्टलमध्ये प्रकाशकणांच्या चिपवर हेलियम-हायड्रोजन आयनाची ऊर्जा काढली गेली. २०१७ मध्ये आयबीएमने सहा क्यूबिटांवर बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल मारली. २०२० मध्ये गूगलने नायट्रोजन-हायड्रोजनच्या डायाझीन रेणूचा आकारबदल अभ्यासला. हे सारे साध्या संगणकालाही जमणारे गणित होते, आणि ते स्पष्ट सांगायलाच हवे.

तरीही नायट्रोजनची गोष्ट विदर्भातल्या शेतकऱ्याच्या अगदी जवळची आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या शंभरहून अधिक पट दाबाखाली तयार होतो. सोयाबीन आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तेच काम वावरातल्या मातीत, नेहमीच्या तापमानाला करतात. त्यांच्या विकराच्या गाभ्यात लोहाचे सात, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनम व कार्बनचा एकेक अणू असतो. या गुच्छातले इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की नेमके गणित साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. त्यासाठी बहुधा स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी मोठी क्वांटम यंत्रे लागतील. आजच्या पद्धती ही त्या वाटेवरची मशागत आहे.

दुसरा उपयोग सर्वांत चांगली जुळणी शोधण्याचा. फार्ही, गोल्डस्टोन आणि गटमन या संशोधकांनी २०१४ मध्ये त्यासाठी क्यूएओए (क्वांटम अप्रॉक्सिमेट ऑप्टिमायझेशन अल्गोरिदम) ही पद्धत मांडली. दहा गावांतून कापूस उचलून जिनिंगला आणायचा, तर गावांचे ३६,२८,८०० क्रम संभवतात. वीस गावांचे साधारण २४ वर १७ शून्ये. मात्र अशा व्यवहारी प्रश्नांवर नेहमीच्या संगणकांच्या उत्तम पद्धतींना क्यूएओएने मागे टाकल्याचे अजून निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

मोठी अडचण २०१८ मध्ये पुढे आली. क्यूबिट वाढले की ऊर्जेचा भूभाग, म्हणजे कोन बदलताना ऊर्जा कशी चढते-उतरते त्याचा नकाशा, बहुतेक ठिकाणी सपाट माळासारखा होतो आणि उतार कुठे आहे ते कळतच नाही. सर्किट रेणूच्या रचनेला धरून बांधले, तर हा धोका काहीसा कमी होतो.

आज खरोखर हाती असलेला उपयोग शिक्षणाचा आहे. क्विस्किट ही मोफत सॉफ्टवेअर प्रणाली साध्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे आर्वी किंवा दारव्ह्याच्या कॉलेजातला विद्यार्थीही दोन क्यूबिटांवर हायड्रोजनचा रेणू सोडवू शकतो. अणूंतले अंतर ०.७३५ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) धरून, इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या सर्वांत लहान गणिती संचात फेऱ्या चालवल्या, की आकडा घसरत घसरत उणे १.१३७ हार्ट्रीजवळ (हार्ट्री हे अणु-रेणूंच्या ऊर्जेचे एकक) टेकतो.